गोळीत काही नसताना दुखणं कमी कसं होतं, आणि नुसत्या शब्दानं वाढतं कसं?

रुग्णमित्र_महाल (धागाकर्ता)

नागपुरात दोन वाक्यं रोज कानावर पडतात. एक, "सलाईन लावली का माणूस उठून बसते." दुसरं, "मणक्यात गॅप निघाला अन् तेव्हापासून त्याले वाकताच येऊन नाही राहिलं." पहिल्या वाक्यातल्या बाटलीत बहुतेक वेळा मीठ-पाणी असतं. दुसऱ्या वाक्यातला गॅप एमआरआय काढायच्या आधीही तिथंच होता. बाटलीनं दिलेला आराम आणि रिपोर्टनं दिलेलं दुखणं एकाच यंत्रणेतून येतात, पण आपल्याकडे यावर धड बोललं जात नाही. कोणी "मनाचे खेळ" म्हणून उडवून लावतं, तर कोणी "मनात आणलं तर कॅन्सरही बरा होतो" इथवर पोचतं. या दोन्हीनं रुग्णाचं नुकसान होतं, म्हणून हा धागा.

आधी शब्द. प्लासिबो लॅटिन, अर्थ 'मी संतोष देईन'. नोसिबो म्हणजे 'मी इजा करीन'. हा शब्द वॉल्टर केनेडी यांनी १९६१ मध्ये वापरात आणला. अपेक्षा, आधीचा अनुभव, डॉक्टरचा शब्द, गोळीचा रंग अशा गोष्टींमुळे लक्षण कमी झालं तर प्लासिबो. वाढलं किंवा नव्यानं उगवलं तर नोसिबो.

स्वतःचे, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे किस्से इथं नकोत. शरीरात काय घडतं, किती घडतं आणि घरी-दवाखान्यात त्याचं करायचं काय, एवढंच लिहा.

बधिरीकरण

भूलशास्त्राच्या बाजूनं सुरुवात करतो, कारण या विषयाचा सगळ्यात भक्कम पुरावा वेदनेतच आहे.

१९७८ मध्ये लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर प्रयोग केला. दाढ काढल्यावर काही तासांनी ठणका सुरू होतो. त्या वेळी शिरेतून प्लासिबो दिला, काहींना आराम पडला. मग नॅलोक्झोन दिलं. हे औषध मॉर्फिनच्या जागा अडवून बसतं. अफूजन्य औषधाचा डोस जास्त झाला तर उतारा म्हणून देतात. ज्यांना प्लासिबोनं बरं वाटलं होतं त्यांचं दुखणं नॅलोक्झोननं पुन्हा वाढलं. शरीराचं स्वतःचं एंडॉर्फिन (शरीरातच तयार होणारं मॉर्फिनसारखं द्रव्य) सुटलं होतं आणि नॅलोक्झोननं ते अडवलं, असा त्याचा अर्थ. नुसतं "बरं वाटतंय" म्हणण्यापुरता मामला असता तर नॅलोक्झोननं फरक पडला नसता.

पुढे इटलीत तुरिनच्या फाब्रित्सिओ बेनेडेट्टी यांच्या गटानं हे आणखी सुटं करून दाखवलं. आधी काही दिवस मॉर्फिन देऊन मग प्लासिबो दिला तर तो आराम नॅलोक्झोननं अडतो. आधी केटोरोलॅक देऊन (साध्या वेदनाशामकांतलं, अफूशी संबंध नसलेलं) मग प्लासिबो दिला तर नॅलोक्झोन त्याला अडवत नाही. तिथं शरीरातली कॅनॅबिनॉइड यंत्रणा (गांजातली द्रव्यं जिच्यावर काम करतात ती) चालते आणि रिमोनाबंट हे औषध तिला अडवतं. शरीराला ज्या औषधाची सवय लागली, त्याचीच वाट प्लासिबो धरतो.

नोसिबोचंही रसायन आहे. "हे दुखणार" असं सांगितल्यावर चिंतेबरोबर कोलेसिस्टोकायनिन नावाचं द्रव्य काम करू लागतं आणि वेदनेचा आवाज मोठा करतं. त्याला अडवणारं प्रोग्लुमाइड हे औषध दिलं की ही वाढ थांबते. २००९ मध्ये आइपर्ट यांच्या गटानं एफएमआरआयमध्ये (काम चालू असतानाची हालचाल टिपणारा स्कॅन) दाखवलं की प्लासिबोनं पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतच वेदनेची हालचाल कमी होते. म्हणजे मेंदूत पोचायच्या आधीच संदेश दाबला जातो.

आता यातला सगळ्यात कामाचा भाग. शस्त्रक्रियेनंतर तेच वेदनाशामक दोन तऱ्हांनी देऊन पाहिलं: एकदा समोर उभं राहून "आता दुखणं कमी करणारं औषध देतोय" असं सांगून, एकदा पंपातून रुग्णाला कळू न देता. लपवून दिलेलं औषध कमी चालतं, म्हणून डोस वाढवावा लागतो. सांगून दिलेलं नुसतं सलाईन हे लपवून दिलेल्या साधारण ६ ते ८ मिलिग्रॅम मॉर्फिनच्या तोडीचं निघालं. चिंतेसाठीचं डायझेपाम लपवून दिलं तर चिंता उतरलीच नाही.

२०११ चा उलरिके बिंगेल यांचा प्रयोग तर प्रत्येक इंटर्नला शिकवायला हवा. २२ निरोगी माणसं, पायावर चटका, शिरेतून रेमिफेंटॅनिल हे जोरदार वेदनाशामक. चटका किती दुखला याचे गुण १०० पैकी: औषधाआधी ६६, औषध चालू पण माणसाला पत्ता नाही, तेव्हा ५५, "औषध सुरू केलं" सांगितल्यावर ३९, "औषध बंद केलं, आता दुखेल" सांगितल्यावर ६४. शेवटच्या तिन्ही वेळा शिरेत औषधाचं प्रमाण तेच होतं. एका वाक्यानं चांगल्या औषधाचा जवळजवळ सगळा गुण धुऊन नेला.

आकडेमोड

बधिरीकरण यांनी दिलेलं सगळं खरं आहे, पण ते प्रयोगशाळेतलं आणि शस्त्रक्रियेनंतरच्या खोलीतलं आहे. तिथला प्लासिबो मोठा दिसतो, कारण प्रयोगाची मांडणीच तो मोठा दिसावा अशी असते. ओपीडीत "प्लासिबोनं बरं वाटलं" म्हणताना निम्म्याहून जास्त वेळा श्रेय चुकीच्या खात्यात जमा होतं.

१९५५ मध्ये हेन्री बीचर यांनी १५ अभ्यास एकत्र करून सांगितलं की सुमारे ३५ टक्के रुग्णांना प्लासिबोनं समाधानकारक आराम पडतो. हा आकडा आजही भाषणात ठोकून देतात. पण बीचर यांनी आजाराचा आपोआप उतरणारा भाग वेगळा काढलाच नव्हता. १९९७ मध्ये त्यांचे अभ्यास पुन्हा तपासले गेले तेव्हा हा आकडा टिकला नाही.

कारण सोपं आहे. समजा, एखाद्याची कंबर दोन महिने ३ ते ८ च्या मध्ये वर-खाली होते आहे, सरासरी ५. दवाखान्यात तो कधी जातो? ८ असताना. ३ असताना रामदासपेठेत नंबर लावून दोन तास कोणी बसत नाही. मग पुढच्या आठवड्यात मोजलं तर ५ च्या आसपास येणारच. गोळी दिली, शेक दिला, ताईत बांधला किंवा काहीच केलं नाही तरी. याला सरासरीकडे परतणं म्हणतात. प्लासिबोचा खरा गुण मोजायचा तर तीन गट लागतात: औषध, प्लासिबो, आणि काहीच न दिलेला. प्लासिबोमधून तिसरा गट वजा केला की जे उरतं तेवढाच प्लासिबोचा भाग.

अशी वजाबाकी ह्रोबयार्टसन आणि ग्योत्शे यांनी केली. २०१० च्या त्यांच्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्या एकत्र तपासणारा अभ्यास) २०२ चाचण्या होत्या. वेदना आणि मळमळ यांसारख्या, रुग्णानं सांगायच्या लक्षणांत थोडा गुण दिसला, तोही अभ्यासागणिक बदलता. एकूण आजारावर मोठा परिणाम दिसला नाही.

दम्याचा २०११ चा अभ्यास बघा. रुग्णांना आळीपाळीनं सालब्युटामॉल (श्वासनलिका मोकळ्या करणारं खरं औषध), प्लासिबो इनहेलर, खोटं ॲक्युपंक्चर आणि काहीच नाही, असं दिलं. "बरं वाटलं" हे प्रमाण अनुक्रमे ५०, ४५, ४६ आणि २१ टक्के. आता फुंकर मारून मोजलेली फुप्फुसाची क्षमता: सालब्युटामॉलनं २० टक्के वाढली, बाकी तिन्हींत जेमतेम ७. ज्याला बरं वाटतंय त्याच्या श्वासनलिका अजून आवळलेल्याच आहेत. दम्यात हे जिवावर बेतू शकतं.

विदर्भात आणखी एक उदाहरण दर पावसाळ्यात घडतं. साप चावला, मांत्रिकाकडे नेलं, माणूस वाचला. चावणारे पुष्कळ साप धामण, पाणदिवड यांसारखे बिनविषारी असतात, आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही. ती माणसं कुठंही नेली असती तरी वाचलीच असती. मण्यार मात्र चावली तर जागा दुखतही नाही, सूजही नाही. काही तासांनी पापण्या जड होतात, गिळता येत नाही, मग श्वास. तिथं प्रतिसर्पविष आणि कृत्रिम श्वास एवढंच चालतं. चावलेला भाग हलू न देता थेट नागपूरची मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं किंवा जवळचं ग्रामीण रुग्णालय गाठा.

वर्धारोडकर

बधिरीकरण सर, एक शंका आहे. डिस्टिल्ड वॉटरचं इंजेक्शन दिलं आणि पेशंटचं दुखणं थांबलं, तर ते दुखणं मुळात नव्हतंच असं समजायचं का? वॉर्डात असं बोलताना लोक ऐकू येऊन राहिले म्हणून विचारलं.

सिकलसेल_विदर्भ

वर्धारोडकर, या प्रश्नाचं उत्तर मला द्यायचं आहे, कारण याची सगळ्यात जास्त किंमत आपल्या भागातले सिकलसेलचे रुग्ण मोजतात.

नाही. असं अजिबात समजायचं नाही. वर बधिरीकरण सरांनी अक्कलदाढेचा प्रयोग सांगितला. तिथं हाड कोरून दाढ काढली होती, जखम डोळ्यांना दिसत होती, तरी प्लासिबोनं काहींना आराम पडला. ज्याची वेदना खरी त्यालाच प्लासिबो लागू होतो. एंडॉर्फिन सुटायला आधी वेदना असावी लागते. पाण्याच्या सुईनं दुखणं उतरलं तर एवढंच कळतं की या माणसाची आतली वेदनाशामक यंत्रणा चालू आहे.

सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, हाडाला रक्त पोचत नाही. त्या कळा बाहेरून दिसत नाहीत. ना सूज, ना जखम, ना एक्स-रेमध्ये काही. वारंवार येणाऱ्या पोराला "याला सुईची सवय लागली" म्हणून पाण्याची सुई टोचून 'परीक्षा' घेतली जाते. त्यातून तीन गोष्टी बिघडतात. पहिली, खरं औषध मिळायला उशीर होतो. दुसरी, एकदा फसवलं गेल्याचं कळलं की पुढच्या वेळी खऱ्या औषधावरचाही विश्वास जातो. आणि लपवून दिलेलं औषध किती कमी चालतं ते वर वाचलंच आहे, विश्वास गेलेलं औषधही तसंच दुबळं होतं. तिसरी, रुग्ण घरीच कळ सोसत बसतो आणि छातीचा त्रास सुरू झाला तरी येत नाही.

करायचं काय: वेदनेचे गुण ० ते १० मध्ये विचारा आणि जे सांगतील ते लिहा. औषध देताना त्याचं नाव आणि वेळ सांगा: "हे दुखण्याचं औषध आहे, शिरेतून दिलंय, थोड्या वेळात उतार पडायला लागेल, अर्ध्या तासानं मी परत विचारायला येते." आणि खरंच परत जा. ताप, छातीत दुखणं, धाप, अचानक फिकट पडणं, हात-पाय लुळा पडणं यांपैकी काही दिसलं तर हा साधा वेदनेचा झटका समजू नका, लगेच डॉक्टरला बोलवा.

बधिरीकरण

सिकलसेल_विदर्भ ताईंच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन. एक जोड देतो. अल्झायमरच्या रुग्णांत मेंदूच्या पुढच्या भागाचे दुवे क्षीण झाले की अपेक्षेतून मिळणारा आराम नाहीसा होतो, हे बेनेडेट्टी यांच्या गटानं २००६ मध्ये दाखवलं. तेच औषध त्यांना कमी पडतं. आणि हे रुग्ण "दुखतंय" म्हणून नीट सांगतही नाहीत. घरातल्या वयस्कर, विसराळू माणसाचं हाड मोडलं असेल तर चेहरा, कण्हणं, हात लावल्यावर अंग आखडणं यावरून वेदना ओळखा आणि डॉक्टरांना तसं सांगा.

मणका_आणि_व्यायाम

धाग्याच्या पहिल्याच परिच्छेदात 'गॅप' आलाय, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो. फिजिओथेरपीत नोसिबोचा सगळ्यात मोठा कारखाना म्हणजे रिपोर्टची भाषा.

कंबर अजिबात न दुखणाऱ्या माणसांचे स्कॅन एकत्र करून २०१५ मध्ये एक मोठा आढावा आला. विशीतल्या ३७ टक्के लोकांत मणक्याच्या चकतीची झीज होती, पन्नाशीत ८० टक्के, ऐंशीत ९६ टक्के. चकती फुगलेली असण्याचं प्रमाण विशीत ३० टक्के आणि पन्नाशीत ६० टक्के. पुन्हा सांगतो, यातलं कोणाचंही दुखत नव्हतं. झीज म्हणजे केस पिकण्यासारखी गोष्ट. पण कागदावर 'डिजनरेशन', 'बल्ज', 'कॉम्प्रेशन' अशी ठळक अक्षरं दिसतात आणि घरी पोचेपर्यंत त्याचं "नस दबली, गादी सरकली, वाकलास तर अपंग होशील" झालेलं असतं.

कोइम्बतूरमधल्या मणक्याच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये हेच तपासलं. ज्या रुग्णांना रिपोर्टमधला प्रत्येक दोष उलगडून सांगितला ते सहा आठवड्यांनी जास्त घाबरलेले होते आणि त्यांचं दुखणं कमी सुधारलं होतं. "वयानुसार होणारे बदल आहेत, काळजीचं काही नाही" असं ज्यांना सांगितलं त्यांची प्रगती चांगली होती.

हे घडतं कसं ते पायरीपायरीनं बघा. भीती बसली की माणूस वाकणं सोडतो. वाकायचं झालं तर श्वास धरून, पोट आणि पाठीचे स्नायू आवळून वाकतो. सतत आवळलेले स्नायू संध्याकाळपर्यंत ठणकतात. तो ठणका "बघा, नस दबलीच आहे" याचा पुरावा ठरतो. मग पट्टा येतो, मग जमिनीवर बसणं बंद, मग भारतीय पद्धतीचा संडास बंद. तीन महिन्यांत पाठ खरोखरच अशक्त होते.

उलट दिशेनं न्यायचं तर शब्द बदलायचे आणि हालचाल मोजून वाढवायची. "गॅप" ऐवजी "वयाप्रमाणे चकती थोडी बसली आहे". "नस दबली" हे फक्त पायात जाणारी कळ, बधिरपणा किंवा कमजोरी तपासून खात्री झाल्यावरच. खुर्चीवर बसून हात गुडघ्यापर्यंत सरकवत वाकणं, श्वास सोडत, १० वेळा, दिवसातून ३ वेळा. चार दिवसांनी हात नडगीपर्यंत. पुढच्या आठवड्यात उभं राहून. वाकताना दुखणं २ गुणांपर्यंत वाढलं आणि तासाभरात मूळ जागी आलं तर चालू ठेवा. रात्रीपर्यंत चढंच राहिलं तर एक पायरी मागे या.

धीर देण्याआधी मात्र तपासणी हवीच. लघवी अडणं किंवा नकळत होणं, बसायच्या जागी बधिरपणा, पाऊल उचलता न येणं, तापासोबत कंबरदुखी, कारण नसताना वजन घटणं, आधी कॅन्सर झालेला असणं, उंचावरून पडणं. यांपैकी काहीही असेल तर तपासाआधी "काही नाही हो" म्हणणं हा गुन्हा आहे.

गुडघ्याच्या दुर्बिणीबद्दलही एक ओळ. २००२ मध्ये गुडघ्याच्या झिजेच्या १८० रुग्णांवर मोसली यांनी चाचणी केली. काहींच्या गुडघ्यात दुर्बिणीनं साफसफाई केली, काहींना फक्त चिरे देऊन टाके घातले. दोन वर्षांनी दोन्ही गट सारखेच. म्हणून फक्त झिजेसाठी 'गुडघा धुऊन घ्या' असा सल्ला मिळाला तर दुसरं मत घ्या.

दवाबाजार

काउंटरवरची बाजू मांडतो. आमच्याकडे नोसिबो रोज येते आणि बहुतेक वेळा गोळीचा रंग बदलला म्हणून येते.

न्यूझीलंडमध्ये २००७-०८ ला थायरॉइडच्या गोळीचं उत्पादन दुसऱ्या देशात हललं. घटक तोच, मात्रा तीच. गोळीचा रंग, आकार अन् भरणद्रव्य बदललं. आधीच्या ३० वर्षांत त्या गोळीबद्दल १४ तक्रारी होत्या. पुढच्या १८ महिन्यांत १४०० च्या वर गेल्या. टीव्हीवर बातमी जितकी चालली, त्या भागातून तितक्या तक्रारी जास्त. उलट बाजूनं, ब्रिटनमध्ये १९८१ ला डोकेदुखीच्या ८३५ बायांवर अभ्यास झाला. ओळखीच्या ब्रँडच्या पाकिटातली गोळी साध्या पाकिटातल्यापेक्षा जास्त चालली, आत प्लासिबो असला तरीही.

जनऔषधीची गोळी "कमजोर असते" असं म्हणत म्हणत जो घेते त्याला ती खरंच कमी लागू पडू शकते, आतला घटक पूर्ण असला तरी. म्हणून ब्रँड बदलताना काउंटरवर एवढं करा, मिनिटभर लागते:

जुनी आणि नवी पट्टी शेजारी ठेवा. घटकाचं नाव बोटानं दाखवा. मिलिग्रॅम दाखवा. 'एसआर', 'एक्सआर' अशी अक्षरं दोन्हीवर सारखी आहेत का ते बघा, कारण हळूहळू विरघळणारी गोळी अन् साधी गोळी एक नाही. मग म्हणा, "रंग बदलला, औषध तेच. बीपी नेहमीसारखं पंधरा दिवसांनी मोजून घ्या." "कंपनी बदलली, बघा काही त्रास होते का" हे वाक्य कटाक्षानं टाळा. त्यानं त्रास शोधायला लावते.

पण सगळंच नोसिबो नसते. थायरॉइडची गोळी, फिट्सची फेनिटोइन, रक्त पातळ करणारी वॉरफेरिन यांत थोडा फरकही महागात पडते. डॉक्टरला न विचारता कंपनी बदलू नका. थायरॉइडची बदललीच तर ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करा.

वर्धारोडकर

कोलेस्टेरॉलच्या गोळीचं काय जी? अंग दुखते म्हणून अर्धे लोक सोडून देऊन राहिले.

आकडेमोड

त्यावर सुंदर अभ्यास आहे, नाव सॅमसन, २०२०, लंडन. त्रासामुळे स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, सोडलेली ६० माणसं घेतली. प्रत्येकाला १२ बाटल्या: चार ॲटोरव्हास्टॅटिन २० मिलिग्रॅमच्या, चार प्लासिबोच्या, चार रिकाम्या. दर महिन्याला एक बाटली, क्रम चिठ्ठ्या टाकून. रोज त्रासाचे गुण १०० पैकी फोनमध्ये टाकायचे. रिकाम्या महिन्यात सरासरी ८, प्लासिबोच्या महिन्यात १५.४, स्टॅटिनच्या महिन्यात १६.३. म्हणजे गोळीमुळे वाढलेल्या त्रासापैकी ९० टक्के नुसती गोळी घेण्याचा होता. त्रास खोटा नव्हता हे लक्षात घ्या, गुण चढलेच होते. पण तो त्या रसायनाचा नव्हता. स्वतःचा आलेख बघितल्यावर निम्म्या लोकांनी गोळी परत सुरू केली.

घरी करायचं तर डॉक्टरांच्या संमतीनंच. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी किंवा स्टेंट असलेल्यांनी गोळी बंद करून बघण्याचा विचारही स्वतःहून करू नये. आणि स्नायूंचा तीव्र त्रास, कमजोरी, लघवी चहासारखी गडद असं दिसलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी सीपीके (स्नायूंची इजा दाखवणारी रक्ततपासणी) तपासा. ते दुर्मिळ, पण खरं दुखणं आहे.

पुरवणी_प्रश्न

मग दुष्परिणाम सांगायचेच नाहीत का? फिनास्टेराइड या प्रोस्टेटच्या गोळीबद्दल वाचलं होतं की लैंगिक त्रास सांगितलेल्या गटात ४३.६ टक्के आणि न सांगितलेल्यात १५.३ टक्के लोकांना तो झाला.

बधिरीकरण

आकडे बरोबर आहेत, २००७ चा अभ्यास. पण लपवणं हा मार्ग नाही. रुग्णाचा हक्क आहे आणि मोबाइलवर तो दोन मिनिटांत वाचणारच. फरक सांगण्याच्या तऱ्हेत करता येतो. "शंभरात दहांना मळमळते" आणि "शंभरात नव्वद जणांना काही होत नाही, उरलेल्या दहांना सुरुवातीला मळमळू शकतं, जेवणासोबत घेतली की बहुधा कमी होतं" या दोन्हींत माहिती एकच आहे. दुसऱ्यात उपायही आहे. धोक्याची लक्षणं मात्र स्पष्ट, आकड्यात न गुंडाळता: "अंगावर पुरळ, ओठ सुजणं, धाप, यांपैकी काही झालं तर गोळी बंद आणि लगेच या."

सुई टोचतानाचं उदाहरण घ्या. २०१० मध्ये प्रसूतीसाठी आलेल्या १४० स्त्रियांना पाठीत बधिर करणारी सुई देताना निम्म्यांना सांगितलं, "मोठी मधमाशी चावल्यासारखं होईल, हाच सगळ्यात वाईट भाग." उरलेल्यांना, "जागा बधिर करणारं औषध देतो, म्हणजे पुढे त्रास होणार नाही." वेदनेचे गुण पहिल्या गटात ५, दुसऱ्यात ३. सुई तीच, औषध तेच. आपल्याकडचं "मुंगी चावल्यासारखं होईल हं" हे प्रेमानं म्हटलेलं वाक्य याच जातीचं आहे. त्याऐवजी: "आता औषध सोडते, जागा बधिर व्हायला लागेल. पायाची बोटं हलवत राहा."

बालरोग_धरमपेठ

याच धाग्यात आईवडिलांसाठी: "जेवला नाहीस तर डॉक्टर काका सुई लावतील" हे वाक्य घरातून हद्दपार करा. लसीच्या दिवशी "अजिबात दुखणार नाही" असंही सांगू नका. टोचल्यावर मूल तुम्हालाच खोटं ठरवतं आणि पुढची सुई जास्त दुखते. "थोडं टोचेल, मी हात धरून आहे, पाचपर्यंत मोजू." तान्ह्याला टोचतानाच अंगावर पाजा.

रुग्णमित्र_महाल

सगळ्यांचे आभार. आता सलाईनचं लिहा कोणीतरी. बाटलीनं उठून बसणाऱ्यांना काय उत्तर द्यायचं?

दवाबाजार

बाटलीतलं मोजून दाखवा. ५०० मिली नॉर्मल सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ, बाकी पाणी. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलीमध्ये २५ ग्रॅम साखर, जेमतेम १०० कॅलरी. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट: मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५, सायट्रेट २.९. पिता येत असेल तर बाटलीपेक्षा पाकिटात जास्त माल आहे. सतत उलट्या, शुद्ध हरपणं, लघवी बंद, डेंग्यूत पोटदुखी किंवा रक्तस्राव असेल तर सलाईन खरं औषध आहे, तिथं वाद नाही. पण हृदय किंवा किडनीचा पेशंट 'ताकदीसाठी' बाटली लावून घेत असेल तर ते पाणी फुप्फुसात चढू शकते.

बधिरीकरण

आराम कशानं पडतो तेही सांगायला हवं. पंख्याखाली दोन तास आडवं पडणं, नर्सनं तीनदा येऊन विचारणं, नातेवाईक उशाशी, आणि बऱ्याचदा सोबत दिलेलं पॅरासिटामॉल. हे सगळं सुईशिवाय देता येतं. २००८ मध्ये टेड कॅपचुक यांच्या गटानं आतड्याच्या जुनाट त्रासाच्या २६२ रुग्णांवर तीन आठवडे बघितलं: नुसतं थांबवून ठेवलेल्यांत २८ टक्क्यांना पुरेसा आराम, खोटं ॲक्युपंक्चर पण अबोल डॉक्टर ४४ टक्के, तेच ॲक्युपंक्चर आणि आस्थेनं बोलणारा डॉक्टर ६२ टक्के. मेडिकलच्या ओपीडीत पाऊण तास नसतो हे मान्य. दोन मिनिटांत बसतं ते असं: मान वर करून ऐकणं, रुग्णाचेच शब्द एकदा परत म्हणणं, "तीन ते पाच दिवस अंग मोडून येईल, मग उतरेल" असा अंदाज देणं, आणि परत यायचा दिवस व लक्षणं सांगणं.

सांगून दिलेला प्लासिबोही चालतो. लिस्बनमध्ये २०१६ ला जुन्या कंबरदुखीच्या रुग्णांना 'प्लासिबो' असं लिहिलेल्या बाटलीतून दिवसातून दोनदा दोन कॅप्सूल, तीन आठवडे दिल्या. आधी पंधरा मिनिटं समजावून. नेहमीच्या उपचारांसोबत. दुखणं सरासरी दीड गुणानं उतरलं, दुसऱ्या गटात ०.२ नं. आकडेमोड लगेच सांगतील की कोणाला काय मिळतंय हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे सांगताना उत्साहाचा भाग मिसळला असणार.

आकडेमोड

बरोबर, तेच लिहिणार होतो. आणि गट लहान होते.

वर्धारोडकर

उन्हाळ्यात खिशात कांदा ठेवतात तो पण प्लासिबोच ना? त्यानं कोणाचं वाईट तर होऊन नाही राहिलं?

बालरोग_धरमपेठ

होतं, कांद्याच्या भरवशावर दुपारी बारा ते चार माणूस बाहेर राहिला तर. कांद्यानं धीर येतो, शरीराचं तापमान उतरत नाही. अंग ४० अंशांच्या वर आणि माणूस बरळतोय किंवा सुस्त पडलाय तर तो उष्माघात. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, पंखा लावा, १०८ ला फोन करा. पाणी ओतणं गाडी येईपर्यंत थांबवू नका. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉल इथं चालत नाही.

पुरवणी_प्रश्न

शेवटचं एक. वेदनेची नोंद ठेवा म्हणतात. पण सारखं लक्ष ठेवल्यानं दुखणं वाढत नाही का?

मणका_आणि_व्यायाम

वाढतं, तासातासाला नोंदवलं तर. दिवसातून दोनदाच: सकाळी उठून अर्ध्या तासानं आणि रात्री जेवणाआधी. वहीत चार रकाने: तारीख, दुखण्याचे गुण ० ते १०, झोप किती तास, आणि आज काय केलं (किती पावलं, किती जिने, किती वेळ मांडी घालून बसलो). नवा उपचार सुरू करायच्या आधी एक आठवडा नुसती नोंद, मग उपचारासह दोन आठवडे. पहिल्या आठवड्याची सरासरी आणि तिसऱ्या आठवड्याची सरासरी यांची तुलना करायची. सगळ्यात वाईट दिवसाची आजच्या दिवसाशी नाही. एक-दीड गुणाचा फरक दिवसागणिक असाच होतो. दोन गुण किंवा त्याहून जास्त उतरले आणि चौथा रकानाही वाढला असेल तर उपचार चालू ठेवा. गुण उतरले पण चौथा रकाना तिथंच अडला असेल, तर ती वही घेऊन फिजिओकडे या.